इसबगोल, जिलेटिन आणि सुईचं टोक

सोनोग्राफीत बघून शिरेत सुई घालायची, तर पहिला सराव पेशंटच्या मानेवर नको, जिलेटिनच्या लादीवर करा. मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या रेसिडेंट मुलामुलींना ही लादी मी स्वतःच्या हातांनी करायला लावते.

एक लिटर पाण्याला साधारण शंभर ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन लागतं. आधी ते थोड्या गार पाण्यात फुलू द्या, मग उरलेलं पाणी गरम करून घाला आणि ढवळा. उकळी आणू नका. विरघळलं की दोन मोठे चमचे साधा इसबगोल. नुसतं जिलेटिन पडद्यावर काळंभोर दिसतं. इसबगोलाचे कण ध्वनिलहरी विखुरतात, म्हणून चित्राला मांसासारखा करडा, दाणेदार पोत येतो. वरचा फेस काढून टाका, कारण हवेपाशी लहरी परत फिरतात आणि बुडबुड्याखालचं काही दिसत नाही. चायनाग्रासच्या भानगडीत पडू नका. त्याची लादी सुई घातल्यावर चिरते. मात्र जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्याचं असतं. शाकाहारी घर असेल तर पातेलं वेगळं घ्या, सासूबाईंशी वाद कशाला?

अर्धं मिश्रण डब्यात ओतून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. त्यावर लाल रंगाचं पाणी भरलेला लांबुळका फुगा ठेवा (ही शीर) आणि शेजारी पाणी भरून दोन्ही टोकं दोऱ्याने बांधलेली सलाइनची नळी (ही धमनी). दोन्हींत हवा राहता कामा नये. उरलेलं मिश्रण कोमट झाल्यावर वरून ओता. प्रोबने (सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग) दाबलं की फुगा चपटा होतो, नळी होत नाही. खऱ्या मानेतही शीर अशीच ओळखायची.

सोनोग्राफीचं मशीन घरी न्यायचा विचारही नको. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली ते नोंदवलेल्या जागीच राहतं, आणि महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, १९८८ मध्येच असा कायदा केला होता. लादीच डब्यातून हॉस्पिटलमध्ये न्या.

लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब घ्या आणि त्याला क्लिंग फिल्म गुंडाळा. सुई टोचून प्रोब गेला तर लाखांचा फटका बसतो. दहा मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण ०.१५ मिलिमीटर असते, म्हणून बारकावा छान मिळतो, पण फार खोलवरचं दिसत नाही. वरवरच्या शिरेला तेवढं पुरतं.

आता प्रोब शिरेला आडवा धरा. शीर एक सेंटिमीटर खोल असेल तर प्रोबच्या एक सेंटिमीटर मागून ४५ अंशांत सुई घाला, सुमारे १.४ सेंटिमीटर आत गेल्यावर टोक शिरेपाशी पोचतं. पडद्यावर पांढरा ठिपका उमटेल. इथेच बहुतेक जण फसतात. तो ठिपका टोकाचा आहे की सुईच्या मधल्या दांड्याचा, हे नुसतं बघून कळत नाही. दोन्ही सारखेच दिसतात, आणि टोक कधीच शिरेच्या पलीकडे गेलेलं असू शकतं. म्हणून सुई थांबवा आणि प्रोब किंचित पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होईपर्यंत. मग सुई पुढे ढकला, ठिपका परत दिसेपर्यंत. पुन्हा प्रोब, पुन्हा सुई. दोन्ही हात एकदम हलले की मी सुई काढून घेते आणि पहिल्यापासून सुरू करायला लावते. शिरेच्या काळ्या वर्तुळात पांढरा ठिपका आल्यावरही लगेच थांबू नका, याच पद्धतीने अजून थोडं आत जा.

हे जमलं की प्रोब शिरेच्या लांबीत धरून अख्खी सुई दिसते का ते बघा. सुईचा कोन कमी असेल तर ती लखलखीत दिसते. उभी होत गेली की लहरी प्रोबकडे परतत नाहीत आणि सुई पुसट होते.

लादीत सुयांच्या वाटा राहून गेल्या की फुगा आणि नळी काढून लादी मंद आचेवर वितळवा आणि पुन्हा ओता. पेशंटवरची पहिली वेळ सीनियर शेजारी असतानाच. मानेच्या शिरेत सुईतून वायर घातली की डायलेटर (वायरवरून सरकवून वाट रुंद करणारी नळी) हातात घेण्याआधी वायर शिरेतच आहे, हे आडवं आणि उभं, दोन्ही चित्रांत बघा.