वॉव क्लासिक खेळायला बसताय? मग या चुका टाळा

पार्टीत नवीन माणूस आला की पहिल्या दोन पुलमध्येच (पुल म्हणजे शत्रूंना आपल्याकडे ओढून लढाई सुरू करणं) कळतं, हा खेळत खेळत इथवर आलाय की कुणीतरी ओढत आणलाय. चुका दरवेळी त्याच असतात, आणि त्या समजावून सांगायला ऐन डन्जनमध्ये (पाच जणांनी मिळून उतरायच्या शत्रूंच्या अड्ड्यात) वेळ नसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. हे मुख्यतः वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या (वॉव) क्लासिकबद्दल, म्हणजे त्याच्या जुन्या रूपाबद्दल आहे पण बरंचसं कुठल्याही एमएमओला, म्हणजे हजारो लोक एकत्र खेळतात अशा ऑनलाइन गेमला लागू पडेल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साठ लेव्हलची, म्हणजे शेवटच्या पायरीची, घाई. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 23 नोव्हेंबर 2004 ला आला, ऑक्टोबर 2010 मध्ये सबस्क्रायबर 1 कोटी 20 लाखांवर गेले होते, आणि नंतर गेम इतका सोपा आणि फास्ट होत गेला की जुने लोक मूळचा संथ गेम परत द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी करत राहिले. शेवटी ऑगस्ट 2019 मध्ये क्लासिक आलं. म्हणजे हा गेम परत आला तोच मुळी लोकांना ती पायपीट हवी होती म्हणून, आणि आता नवीन पोरं येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात की बूस्ट कुठे मिळेल!

बूस्ट म्हणजे काय, तर साठ लेव्हलचा मेज (जादूगार) तुम्हाला झुल'फराक नाहीतर मॅरोडॉन या डन्जनमध्ये घेऊन जातो, पन्नासेक मॉब (गेमने चालवलेले शत्रू) एकत्र गोळा करून ब्लिझर्ड ही बर्फाची जादू टाकून मारतो आणि तुम्ही दाराशी उभं राहून एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) घेता. 2021 ला बर्निंग क्रूसेड या पुढच्या भागाचं क्लासिक आलं तेव्हा तर पैसे भरून थेट 58 लेव्हलचं कॅरेक्टर अधिकृतपणेच मिळायला लागलं. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. वॉरियरने टाँट (मॉबला आपल्याकडे वळवणारं बटण) तेव्हाच का मारायचा आणि आधी का नाही, प्रीस्टने कुठला हील (जखम भरणारी जादू) कुठल्या रँकचा वापरायचा, रोग या लपून वार करणाऱ्या क्लासने किक (शत्रूची जादू मध्येच थांबवणारी लाथ) कुणासाठी राखून ठेवायची, हे सगळं वीस ते चाळीस लेव्हलच्या क्वेस्ट आणि डन्जनमध्येच अंगात भिनतं. एल्विनच्या जंगलात हॉगर नावाच्या दांडग्या मॉबकडून दोनदा मार खाल्लेल्या माणसाला एलिट (एकट्याला न पेलणारा मॉब) म्हणजे काय ते परत सांगावं लागत नाही. बूस्टवाल्याच्या बारवर चाळीस बटणं असतात आणि त्यातलं एकही त्याने गरज पडली म्हणून दाबलेलं नसतं.

माझी सवय साधी आहे, दोन कॅरेक्टर चालवतो आणि आलटून पालटून खेळतो. लॉगआउट करताना नेहमी इनमध्ये (सरायीत) नाहीतर मोठ्या शहरात करतो, कारण तिथे रेस्टेड एक्सपी साठतो, आठ तासांना लेव्हलचा पाच टक्के, जास्तीत जास्त दीड लेव्हल, म्हणजे दहा दिवस गेम उघडला नाही तरी परत आल्यावर मॉब मारायचा एक्सपी बराच काळ दुप्पट मिळतो. रानात कुठेतरी झाडाखाली लॉगआउट करणारे लोक हे फुकटचं सोडून देतात (तिथे चौपट हळू साठतो) आणि मग लेव्हलिंग स्लो आहे म्हणून तक्रार करतात.

दुसरी चूक, टँकला, म्हणजे मॉबचा मार अंगावर घेणाऱ्याला, वेळ न देणं. मॉब कुणाला मारणार हे थ्रेटवर ठरतं, हे सगळ्यांना माहीत असतं पण त्याचा हिशोब कुणी बघत नाही. तुमच्या प्रत्येक डॅमेजचा थ्रेट होतो, हीलिंगचाही होतो, हील केलेल्या आकड्याच्या निम्मा आणि तो अंगावर आलेल्या सगळ्या मॉबमध्ये वाटला जातो. मॉब तुमच्याकडे वळायला तुमचा थ्रेट टँकपेक्षा नुसता जास्त होऊन चालत नाही, जवळून मारणाऱ्याचा 110 टक्क्यांवर जावा लागतो आणि लांबून मारणाऱ्याचा 130 वर. म्हणजे गेमने तुम्हाला चांगली मोकळीक दिलेली आहे. तरीही मेज पहिल्या सेकंदाला सगळ्यात मोठा स्पेल सोडतो, टँकच्या हातात तेव्हा रेजसुद्धा (ज्यावर त्याचे वार चालतात ती ताकद) नसतो, कारण वॉरियरला रेज मुख्यतः मार देऊन आणि मार खाऊन मिळतो, आणि मग मॉब मेजवर, हीलर मेजला वाचवायला जातो म्हणून दुसरा मॉब हीलरवर, आणि चॅटमध्ये मेजच लिहितो की टँक नवीन आहे का. टँक नवीन नव्हता ओ, तुम्ही तीन सेकंद थांबला नाहीत.

मी डीपीएस (फक्त डॅमेज करणारा) असलो की टँकचे दोन संडर (थ्रेट वाढवणारे वार) मॉबवर दिसेपर्यंत हात लावत नाही. आणि टँक ज्याला मारतोय त्यालाच मारतो, शेजारच्याला नाही. एवढ्या दोन गोष्टी पाळणारा माणूस मला डॅमेज मीटरवर शेवटचा असला तरी चालतो, मी त्याला फ्रेंड लिस्टमध्ये टाकतो.

आता हंटर, म्हणजे पाळीव प्राणी (पेट) घेऊन लढणारा शिकारी. यावर मी थोडा जास्तच लिहिणार आहे कारण जितके वाइप (सगळी पार्टी मरणं) मी हंटरच्या पेटमुळे बघितलेत तितके कुठल्या बॉसमुळे बघितले नाहीत.

नोमरेगन या डन्जनमध्ये गेलो होतो, मी हीलर. पार्टी चांगली होती, वॉरियर टँक शांत डोक्याचा, मार्क लावून पुल करणारा. हंटरकडे एक मांजर होतं आणि सुरुवातीपासून त्याचं ग्राउल चालू, म्हणजे पेटच टँकशी थ्रेटसाठी भांडतंय, टँकने दोनदा सांगितलं बंद कर, त्याने हो लिहिलं आणि केलं नाही. ठीक आहे, मांजराला हील करत करत पुढे गेलो. मग ती जागा आली जिथून वळसा न घालता वरच्या कठड्यावरून सरळ खाली उडी मारता येते. टँकने चॅटमध्ये लिहिलं, हंटर, पेट डिसमिस कर, मग उडी मार. हंटरने उडी मारली. पेट उडी मारत नाही, ते मालकापर्यंत पोचायला चालत येण्याचा रस्ता शोधतं, आणि तो रस्ता आम्ही टाळलेल्या सगळ्या मॉबमधून जात होता. आम्ही खाली बसून पाणी पीत होतो, माझी माना (जादूसाठी लागणारी शक्ती) निम्मी सुद्धा नव्हती, आणि वरून मांजर येताना दिसलं. एकटं नाही, मागे ट्रॉग, लेपर नोम, यंत्रं, सगळी वरात. टँक उभा राहिला आणि त्याने जेवढे धरता येतील तेवढे धरले, पण पाच जणांनी करण्यासारखं तिथे काही उरलेलंच नव्हतं. सगळे मेलो. भूत होऊन परत धावत येईपर्यंत वाटेतले काही मॉब रिस्पॉनही, म्हणजे परत जिवंतही, झाले होते, आणि हंटरने तेवढ्यात पार्टी सोडली होती. शेवटचा बॉस थर्माप्लग त्या दिवशी बघायला मिळाला नाही. ज्या टँकने दोन तास इतक्या नीट खेळ केला त्याच्यासाठी मला फार वाईट वाटलं.

तर हंटर लोकांनो, डन्जनच्या दारातच ग्राउलवर राइट क्लिक करून ऑटोकास्ट बंद करा. उडी मारायच्या आधी पेट डिसमिस करा, काही सेकंदांचं काम आहे, खाली जाऊन परत बोलवा. पेट पॅसिव्हवर ठेवा आणि अटॅक हाताने द्या. अ‍ॅस्पेक्ट ऑफ द चीता (वेगाने पळायची जादू) डन्जनमध्ये बंद, कारण तो चालू असताना फटका बसला की डेझ होऊन तुमचा वेग अर्ध्यावर येतो आणि मग मॉब तुम्हाला सोडत नाहीत.

पेटचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, या गेमच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली गडबड पेटमुळेच पसरली होती. 13 सप्टेंबर 2005 ला झुल'गुरुब ही वीस जणांची रेड (मोठं डन्जन) आली, तिथला शेवटचा बॉस हक्कार कॉरप्टेड ब्लड नावाचा रोग अंगावर टाकायचा आणि तो जवळ उभ्या असलेल्याला लागायचा. रोग रेडच्या आतच राहायला हवा होता. पण हंटरांनी लागण झालेली पेट तशीच डिसमिस केली आणि शहरात जाऊन परत बोलावली, रोग पेटबरोबर बाहेर. ऑर्ग्रिमार आणि आयर्नफोर्जमध्ये माणसं पटापट मरायला लागली, कमी लेव्हलवाले तर लगेचच, आणि दुकानदार एनपीसी (गेमनेच चालवलेली पात्रं) मरत नव्हते पण रोग पसरवत होते. लोकांना वेगळं ठेवायचा प्रयत्न फसला, शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले. खऱ्या साथीत लोक कसे वागतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे या प्रकारावर 2007 मध्ये शोधनिबंध लिहिला. एका खेळातल्या पेटच्या बटणामुळे! मला अजूनही हे भारी वाटतं, या गेममध्ये जे होतं ते बाकीच्यांनाही लागतं, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकलाय असं मला वाटतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

स्वतःच्या क्लासला उपयोग नसलेल्या वस्तूवर नीड रोल (मला हवीच अशी बोली) मारू नका, विकायची असेल तर ग्रीड आहे. सर्व्हरवर नाव खराब व्हायला एक संध्याकाळ पुरते.

दर दोन लेव्हलला ट्रेनरकडे जा. तीस लेव्हलला विशीतल्या रँकचा फायरबॉल टाकणारा मेज मी बघितलाय.

पण सगळंच शिकू नका, जे बारवर नाही ते राहू दे, कारण चाळीस लेव्हलला माउंटसाठी (स्वारीच्या प्राण्यासाठी) 100 गोल्डच्या आसपास लागतं आणि ते गोळा व्हायला वेळ लागतो.

नवीन प्रकारचं शस्त्र हातात घेतलं की त्याचं स्किल एकपासून सुरू होतं, आधी सोप्या मॉबवर वाढवा, डन्जनमध्ये मिस मिस मिस करत बसू नका.

मेल्यावर स्पिरिट हीलरकडून उठू नका, चालत जाऊन आपल्या प्रेतापाशी उठा. स्पिरिट हीलरकडे उठलात तर गिअरची (अंगावरच्या सामानाची) आणखी 25 टक्के ड्युरेबिलिटी (टिकाऊपणा) जाते आणि वर रेझरेक्शन सिकनेस (काही वेळचा अशक्तपणा).

मरलॉक (माशासारखा मॉब) पळायला लागला की त्याला पळू देऊ नका. तो चार जण घेऊन येतो. स्लो करा, स्टन करा, नाहीतर शेवटचा फटका राखून ठेवा. ऑगस्ट 2023 मध्ये अधिकृत हार्डकोर सर्व्हर आले, तिथे एकदा मेलात की कॅरेक्टर संपलं, आणि तिथे माणसं मोठ्या ड्रॅगनपेक्षा असल्या पळणाऱ्या मॉबमुळेच जास्त जाताना मी बघतो, किंवा वेस्टफॉलमधल्या डिफायस पिलेजरच्या फायरबॉलमुळे. तिथे दोन पिलेजर एकत्र दिसले की मी वळसा घालतो, लाज वाटत नाही.

गोल्ड विकत घेऊ नका. ते गोल्ड बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) चालवून नाहीतर कुणाचं तरी अकाउंट हॅक करून आलेलं असतं. आमच्या गिल्डमधल्या (खेळाडूंच्या कायमच्या गटातल्या) एकाचं अकाउंट असंच साफ झालं होतं, बॅंकेतलं सगळं गेलं, त्याचं गिअर विकून टाकलेलं, आणि तो माणूस नंतर खेळायला आलाच नाही. ते गोल्ड कुणीतरी घेतलंच असेल ना. ऑथेंटिकेटर (लॉगिन करताना दुसऱ्यांदा खात्री करणारं अ‍ॅप) मोबाईलवर फुकट आहे, आजच लावा.

आणि शेवटची, हीलरच्या मानाकडे न बघणं. क्लासिकमध्ये स्पेलसाठी माना खर्च केली की पुढचे पाच सेकंद स्पिरिट या गुणातून माना भरणं जवळजवळ बंद होतं, म्हणजे सतत हील टाकत राहणाऱ्याची माना फक्त खाली जाते. म्हणून हीलर बसला की सगळे बसा. मी टँक असलो तर पुल करायच्या आधी हीलरच्या निळ्या बारवर नजर टाकतो, 70 टक्क्यांच्या खाली असेल तर बाण सोडतच नाही, आणि मागून कुणी गो गो गो लिहिलं तर त्याला सांगतो, बस, तूही पाणी पी.