विश्वामित्रीच्या काठावरील प्लास्टिक वेचताना

पावागडावर उगम पावलेली विश्वामित्री बडोद्यातून पुढे ढाढर नदीला मिळते आणि तिचे पाणी अखेर खंभातच्या आखातात जाते. त्यामुळे येथील नाल्यात पडलेली पिशवी पावसाळ्यात समुद्राचा कचरा होऊ शकते, आणि वाळूत रुतल्यावर वेचण्यापेक्षा ती येथेच उचलणे कितीतरी सोपे असते. म्हणून वस्तीतील मंडळींनी सफाई पहिल्या मोठ्या पावसापूर्वी, पावसाळी गटारांची तोंडे व रस्त्याकडील वरचा काठ येथे करावी. पाण्याच्या कडेला मात्र कोणीही, विशेषतः मुलांनी, उतरू नये. नदीत मगरींचा अधिवास आहे, त्या काठावरच अंडी घालतात आणि मादी घरट्याची राखण करते. तो काठ त्यांचाच आहे.

जाड बाटल्या भंगारवाले नेतातच, तेव्हा आधी गुटख्याच्या पुड्या, वेष्टने आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे चिमट्याने वेचावेत (घरी पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, एवढी सवय फार उपयोगी पडते). काच निराळ्या बादलीत ठेवावी. वेचलेले प्लास्टिक माती झटकून, वाळवून मगच सुक्या कचऱ्यात द्यावे, कारण चिखलाने माखलेला माल पुनर्वापरासाठी सहसा कोणी घेत नाही.