स्टाफचा फोन आणि ऑफिसचा माल: छोट्या ऑफिससाठी कामाची पद्धत

स्टाफच्या स्वतःच्या फोनवर ऑफिसची माहिती असतेच; ती सांभाळायचं पहिलं काम फोनला हात न लावता करायचं आहे. एक वही घ्या, ऑफिसातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे लिहा, याच्या फोनवर आपलं काय काय आहे. ऑफिसची मेल, बँकेचे अलर्ट, क्लायंटची पॅन-आधार कार्डं, टॅलीचे रिपोर्ट, कस्टमरची ड्रॉइंग्ज, आणि कुठला ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो. मालकांचं नाव सगळ्यात वर. त्यांच्याच फोनवर सगळ्यात जास्त माल असतो आणि पिन बहुतेक वेळा गाडीच्या नंबरचा.

मी पुण्यात छोट्या ऑफिसांचं आयटी बघते. टिळक रोडवरची सीए ऑफिसं, कोथरूडचे दवाखाने, भोसरी एमआयडीसीतली जॉबवर्कची वर्कशॉपं. हिंजवडीतल्या कंपन्यांना यासाठी अख्खं डिपार्टमेंट असतं, त्यांनी हे वाचायची गरज नाही. हे लिहिलंय ते दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसासाठी, जिथे ‘आयटी’ म्हणजे माझ्यासारखी बाहेरून येणारी बाई किंवा मालकांचा भाचा.

‘स्वतःचा फोन ऑफिसकामाला वापरायचा नाही’ असा फतवा काढून काही होत नाही. रात्री साडेआठला साहेबच मेसेज टाकतात, “जरा ते चलन पाठव ना.” त्यामुळे बंदीचा नाद सोडा. वहीतल्या प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: हा फोन आत्ता पीएमटीच्या बसमध्ये राहिला, तर आपण इथे टेबलाशी बसून त्यातलं काय काय बंद करू शकतो? ज्याचं उत्तर ‘काही नाही’ येईल, ते आधी सोडवायचं.

आधी ओटीपी

डेटाबद्दल सगळे बोलतात, पण छोट्या ऑफिसची खरी मान ओटीपीत अडकलेली असते. ई-वे बिल (माल गाडीतून पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच लॉगिनला ओटीपी लागतो. तो कोणाच्या नंबरवर येतो? भोसरीतल्या एका वर्कशॉपात तो डिस्पॅचच्या पोराच्या नंबरवर यायचा, कारण रजिस्ट्रेशन करताना तोच समोर उभा होता. पोरगा गणपतीला गावी, गाव रत्नागिरीच्या आत, फोनला रेंज नाही. गेटवर टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि अकाउंट्सच्या मॅडम दर पाच मिनिटांनी त्याला फोन लावतायत. यात चोरी नाही की हॅकिंग नाही. पण तोच पोरगा उद्या भांडून नोकरी सोडून गेला असता तर?

उपाय सोपा आहे. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर करता येतात, प्रत्येकाचा वेगळा लॉगिन आणि वेगळा मोबाईल नंबर. मुख्य लॉगिनचा नंबर मात्र फर्मच्या नावावर घेतलेल्या सिमचा ठेवा. ते सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून कुलपाच्या ड्रॉवरमध्ये, चार्जरसकट. जीएसटी, आयकर, बँक, ऑफिसच्या मेलचा रिकव्हरी नंबर, सगळं हळूहळू त्या नंबरवर आणा. त्याला रिचार्ज मारायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते, आणि मग तुमचे ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या खिशात वाजतात.

आणि ओटीपी ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची सवय आजपासून बंद. “सगळे आपलेच आहेत” हे मी ऐकलंय. त्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी सोडून गेलेली आर्टिकल (सीए करताना ऑफिसात काम शिकणारी मुलगी) अजून आहे की नाही, तेवढं आधी बघा.

व्हॉट्सअ‍ॅप आणि गॅलरी

जुलै महिन्यात कुठल्याही सीए ऑफिसातल्या आर्टिकलची फोन गॅलरी बघा (तिला विचारून). फॉर्म १६, सिंहगडावरचं पिठलं-भाकरी, कोणाचंतरी आधार कार्ड पुढून, तेच मागून, बहिणीच्या हातावरची मेंदी, कॅन्सल चेक. क्लायंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आपोआप गॅलरीत उतरतो. गुगल फोटोजला त्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल, तर तो तिच्या स्वतःच्या अकाउंटवर चढतो आणि तिथून घरच्या टॅबवर, जिथे धाकटा भाऊ गेम खेळतो. कोणी काही वाईट केलेलं नसतं. तरी क्लायंटची कागदपत्रं ऑफिसच्या हाताबाहेर गेलेली असतात, आणि फोन परत मिळाला तरी ती परत येत नाहीत.

तर प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग चॅट्स, तिथे ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. आधीच उतरलेले फोटो त्यामुळे जात नाहीत, ते हातानं काढायला लागतात, आणि गुगल फोटोजच्या ट्रॅशमधूनही. हे तिनं स्वतः करावं, तुम्ही शेजारी बसून स्क्रोल करू नका.

त्यापेक्षा बरं म्हणजे क्लायंटनं स्टाफच्या नंबरवर काही पाठवूच नये. ऑफिसच्या एका नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. एका फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून तिघं-चौघं उत्तरं देऊ शकतात. महिन्यातून एकदा ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी उघडा आणि जे ओळखता येत नाही ते लॉगआउट करा. क्लायंट जुन्या नंबरवर पाठवत राहतात, त्याला इलाज नाही. दोन-तीन महिने प्रेमानं सांगत राहायचं.

स्कॅनिंगसाठी वेगळं अ‍ॅप टाकू नका. कॅमस्कॅनरवर २०२० साली सरकारनं बंदी घातली तेव्हा निम्म्या ऑफिसांच्या पोटात गोळा आला होता. गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅन आहेच, आयफोनच्या नोट्समध्येही आहे. ऑफिसच्या अकाउंटच्या ड्राइव्हमध्ये थेट स्कॅन केलं की कागद गॅलरीत येतच नाही.

मेल आणि फाइल्स

एकच फुकटचं जीमेल, एकच पासवर्ड, तो आठ फोनवर आणि शिवाय मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर. असं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे मोडा. प्रत्येकाला ऑफिसच्या डोमेनवर वेगळं अकाउंट द्या. पैसे लागतात, द्या. गुगल वर्कस्पेसच्या साध्या प्लॅनमध्येही अ‍ॅडमिनला एखाद्याच्या फोनवरचं फक्त ऑफिसचं अकाउंट इथून पुसता येतं आणि स्क्रीन लॉक सक्तीचं करता येतं.

वरच्या प्लॅनमध्ये, किंवा मायक्रोसॉफ्टकडे असाल तर इंट्यून या त्यांच्या फोन सांभाळायच्या सेवेत, अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल मिळतं. मला हे सगळ्यात आवडतं. फोनवर ऑफिसची अ‍ॅप्स वेगळी पडतात, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस येते. वाड्याच्या एका खोलीला वेगळं कुलूप लावावं तसं: त्या खोलीतलं सामान ऑफिस काढून नेऊ शकतं, बाकीच्या घरात डोकावू शकत नाही. स्टाफचे फोटो, चॅट, कॉल यातलं काहीही अ‍ॅडमिनला दिसत नाही. हे त्यांना स्क्रीनवर दाखवून सांगा, कारण प्रत्येकाच्या मनात पहिली शंका हीच असते आणि ती रास्त आहे. फोन त्यांचा, हप्ता त्यांच्या पगारातून जातो. वर्क प्रोफाइल संध्याकाळी थांबवूनही ठेवता येतं. ते ऐकून एका दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट म्हणाली, “मग आधी सांगायचं ना मॅडम, दुपारीच घेतलं असतं.”

जे कबूल होईल ते एका पानावर, मराठीत लिहा: ऑफिस काय बघेल, काय बघणार नाही, फोन हरवला तर किती वेळात कळवायचं. आणि रिचार्जचे थोडे पैसे द्या. फुकटात फोन वापरायचा आणि वर नियम सांगायचे, हे शोभत नाही.

खुद्द फोन

इथे फार वेळ घालवू नका. सहा आकडी पिन, अपडेट चालू. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर ऑफिसची मेल नको. सार्वजनिक चार्जरची भीती लोकांना उगाच जास्त वाटते, ‘एपीके’ची, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकायच्या फाइलची, कमी वाटते. लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर .एपीके फाइल येते. ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, ओटीपी पळवते आणि पुढे तुमच्याच नावानं ओळखीच्यांना जाते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते, तिला इन्स्टॉल करायला लागत नाही. ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल’ची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर दोन्हींना बंद ठेवा.

एक गोष्ट जवळजवळ कोणी करत नाही: सिमला पिन. स्क्रीन लॉक कितीही भक्कम असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येतात. सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ शोधा, मूळ पिन ऑपरेटरला विचारून घ्या आणि बदला. अंदाजानं टाकत बसू नका, तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि ते उघडायला ऑपरेटरकडे पीयूके कोड मागत फिरावं लागतं.

फोन दुरुस्तीला तापकीर गल्लीत देताना दुकानदार पिन मागतो आणि आपण पावतीच्या मागे लिहून देतो. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो चालू केला की फोन तपासता येतो पण तुमचा डेटा दिसत नाही. नसेल तर ऑफिसचं अकाउंट काढून मग द्या.

हरवला तर

स्टाफनं आधी ऑफिसला कळवायचं, ओरडा बसणार नाही या खात्रीनं. ओरडा बसतो म्हटल्यावर माणूस दोन दिवस स्वतःच शोधत बसतो. ऑफिसनं लगेच अ‍ॅडमिनमधून अकाउंट काढायचं, पोर्टलचे पासवर्ड बदलायचे, सिम बंद करायला लावायचं. पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. मग पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक. तिथे तक्रारीची प्रत लागते आणि ओटीपीही येतो, म्हणून हा क्रम. आयएमईआय *#०६# डायल केलं की दिसतो, तो आजच वहीत लिहून घ्या. फोन गेल्यावर डायल कशावरून करणार?

क्लायंटची कागदपत्रं गेली तर “आर्टिकलचा फोन होता” हे चालणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दहा माणसांच्या ऑफिसला कोणी तेवढा लावेल असं मला वाटत नाही, पण जबाबदारी ऑफिसची धरली जाते.

नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या दिवशीही हीच वही उघडायची. त्याच्या नावापुढचं एकेक खोडायचं: मेल, सब-युजर, लिंक्ड डिव्हाइस, ग्रुप, रिकव्हरी नंबर. हे दुपारी, त्याच्या समोर करा. सामोसे त्यानंतर मागवा, कारण एकदा सेंड-ऑफ सुरू झाला की कोणी कॉम्प्युटरपाशी परत येत नाही.