कपाशी लाल पडायला लागली की टॉनिक आणायच्या आधी हे बघा

रात्री गार पडायला लागल्या की पऱ्हाटीवर लाल्या दिसतो, म्हणजे पानं लाल पडतात, आणि जो तो टॉनिकची बाटली आणायला कृषी सेवा केंद्र गाठतो. जरा थांबा, आधी पान बघा. पान कधी म्हातारं करायचं हे झाड संप्रेरकांवरून (हार्मोनवरून) ठरवतं, आणि ती संप्रेरकं किती बनणार हे बरंचसं मुळांना जमिनीतून काय मिळतंय त्यावर असतं, म्हणून कमतरता ओळखली तरच खर्च कामी येतो.

आत काय होतं बघा. सायटोकायनिन हे संप्रेरक मुख्यतः मुळात बनतं, पाण्याबरोबर वर चढतं आणि पान हिरवं ठेवतं. मुळांना नायट्रेट (जमिनीतलं नत्र) मिळालं की सायटोकायनिन वाढतं, नत्र तुटलं की घटतं, मग पान म्हातारं करणाऱ्या ॲब्सिसिक ॲसिड आणि इथिलीन या संप्रेरकांचा जोर होतो, हरितद्रव्य मोडायला लागतं आणि झाड जुन्या पानातलं नत्र, पालाश (पोटॅश), मॅग्नेशियम काढून बोंडांना देतं. पालाश कमी पडलं तरी तेच, सायटोकायनिन कमी अन् ॲब्सिसिक ॲसिड जास्त. बीटी कपाशीत बोंडं लवकर आणि एकदम धरतात, त्यामुळे हलक्या मुरमाड रानात ही ओढ पानांना झेपतच नाही. मॅग्नेशियम तर हरितद्रव्याच्या मधोमधच असतं, ते कमी झालं की साखर पानातच अडकते, त्यात थंडी, मग लाल रंग चढतो.

आता सकाळी रानात जा, खालच्या फांदीचं पान तोडा आणि उन्हाकडे धरा. शिरा हिरव्या आणि मधली जागा लाल-जांभळी असेल तर मॅग्नेशियम. अख्खं पान फिकं पडून मग लाल होत असेल तर नत्र. कडा पिवळ्या-तांबूस होऊन करपल्या असतील तर पालाश, आणि बोंडं भरताना हे लक्षण वरच्या पानांवरही येतं बरं का. मग तेच पान उलटं करा, हिरवट किडे तिरके तिरके पळताना दिसले आणि कडा खाली मुडपल्या असतील तर ते तुडतुडे आहेत, तिथे खत फवारून काहीही होणार नाही. कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या दिसल्या तर लोह. पानं बारीक, पेरं आखूड असतील तर जस्त बघा, कारण जस्ताशिवाय ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक नीट बनत नाही.

मॅग्नेशियमसाठी 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. नत्रासाठी 300 ग्रॅम युरिया किंवा तेवढंच डीएपी, पण डीएपी रात्री भिजवून सकाळी फक्त वरचं निवळ पाणी घ्यायचं. पालाशसाठी 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट), पंपाला 150 ग्रॅम. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एका पंपात कालवू नका, साका बसतो अन् नोझल तुंबतं. फवारणी पाते-फुलं लागताना आणि बोंडं भरताना करायची, लाल झालेलं पान परत हिरवं होत नाही, वाचवायची असतात ती त्याच्या वरची पानं. युरिया सुरुवातीलाच सगळा टाकून मोकळं होऊ नका, दोन-तीन हप्ते करा, आणि दिसतोय लाल्या म्हणून पालाश ओतत सुटू नका, जास्त पालाश मॅग्नेशियमला मुळाशी अडवतं.

माती परीक्षण करताना एक गोष्ट विचाराच. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात पण त्यात मॅग्नेशियम नसतं, ते प्रयोगशाळेत वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर नक्की घ्या.

पाण्याच्या मोठ्या ताणानंतर धो-धो पाऊस झाला आणि हिरवीगार झाडं अचानक माना टाकायला लागली तर ती आकस्मिक मर. मुळांना हवा मिळत नाही, इथिलीन वाढतं. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, आणि झाडं सुकताना दिसल्यावर काही तासांच्या आतच कोबाल्ट क्लोराईड 100 लिटरला फक्त 1 ग्रॅम फवारा, ते इथिलीन बनणं रोखतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फवारून उपयोग नाही.

आणि बहुतेक बोंडं पक्की होऊन फुटायला लागली असतील तर लाल पानांना अजिबात हात लावू नका, तेव्हा नत्र दिलं की झाड परत पालवतं, बोंडं फुटायला उशीर होतो आणि गुलाबी बोंडअळीला आयता मुक्काम मिळतो.