ट्वायलाइट झोन उघडायला घेण्याआधी

पिनबॉल मशीनची देखभाल किती सोपी जाणार, हे डिझायनरने आराखड्यातच ठरवून ठेवलेलं असतं. साठच्या दशकातल्या गॉटलिब कंपनीच्या मशीनवर वरची बाजू मोकळी असते, रबर बदलणं झटपट होतं. डोकेदुखी खाली, रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, असंख्य कॉन्टॅक्ट्समध्ये. पॅट लॉलरने डिझाइन केलेलं, १९९३ सालचं बॅली कंपनीचं ट्वायलाइट झोन हे मशीन उलट स्वभावाचं आहे. रॅम्प (बॉलचा चढता मार्ग), घड्याळ, बॉल साठवणारं गमबॉल मशीन, चुंबकांचं छोटं प्लेफील्ड (बॉल फिरतो तो फळा), सगळं इतकं दाटीवाटीने बसवलंय की साधी रबर रिंग बदलायलाही आधी रॅम्प काढावा लागतो. त्यामुळे दिवस मोकळा ठेवूनच हात घाला.

उघडण्याआधी मशीन चालू करून क्रेडिट्सच्या (शिल्लक खेळांच्या) आकड्यापुढे टिंब दिसतंय का पाहा. दिसलं तर मशीनलाच कुठेतरी बिघाड जाणवलाय. मेनूतला टेस्ट रिपोर्ट वाचा, संशयित स्विच लिहून घ्या. आपल्या अंदाजापेक्षा हा रिपोर्ट बरा. मग प्लग काढा, कारण बॉल उडवणाऱ्या भागांना हलवणाऱ्या कॉइलना (तारेच्या वेटोळ्यांना) सुमारे ७० व्होल्ट मिळतात.

काच ठेवायला सतरंजी अंथरा. फरशीवर कड आपटली तर भुगा होतो. प्लेफील्ड उचलण्यापूर्वी सहाही बॉल बाहेर काढा, गमबॉलमधले धरून. त्यातला पांढरा पॉवरबॉल सिरॅमिकचा आहे, चुंबकाच्या काडीला तो चिकटत नाही. हातानेच काढा आणि फडक्यात गुंडाळून वेगळा ठेवा.

मोबाइलने प्रत्येक थराचे फोटो काढा आणि स्क्रूसाठी खणांचा डबा घ्या. हा कंटाळा अजिबात करू नका: खालून जरा लांब स्क्रू बसला तर त्याचं टोक वर रंगवलेल्या लाकडातून बाहेर येतं, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

फ्लिपरच्या, म्हणजे बॉल मारणाऱ्या दांड्यांच्या, बाबतीत मात्र डिझाइन मनापासून आवडावं असं आहे. कॉइल, तिला दांडीशी जोडणारी लिंक आणि तिची हालचाल अडवणारा कॉइल स्टॉप एकाच लोखंडी पट्टीवर असल्याने पट्टी सोडवून सगळं समोर घेता येतं. नव्या स्लीव्ह (कॉइलच्या आतल्या नळ्या), लिंक आणि कॉइल स्टॉप आधीच आणून ठेवा. तारा कॉइलला सोल्डर केलेल्या असतात, म्हणून कॉइल बदलायची असेल तर सोल्डरिंग आयर्नही हवं.

बॅकबॉक्समधल्या (मशीनच्या मागच्या उभ्या पेटीतल्या) सीपीयू बोर्डावर, म्हणजे मुख्य सर्किटवर, तीन पेन्सिल सेल बसवलेत, हा या डिझाइनचा सर्वांत वाईट निर्णय. गळले की बोर्डाच्या तांब्याच्या रेषा खातात. तारेने जोडून बोर्डापासून लांब, खालच्या बाजूला ठेवता येईल असा सेल-होल्डर आणा, आणि जुने सेल काढण्याआधी सेटिंग्ज वहीत उतरवून घ्या.