पाटाचं पाणी अडवलं, तर अर्ज कुठे करायचा?

तहसील कचेरीची पायरी चढण्याआधी एक गोष्ट ठरवा: चालू पाणी कुणी अडवलंय, की पाणी न्यायला नवी वाट हवी आहे? दोन्हींचे कायदे वेगळे. कलम चुकलं की अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळतो आणि शेवटी फेटाळला जातो.

चालू पाणी अडवलं असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. कायदा शंभरी ओलांडलेला, पण आजही कामाचा. पाट बुजवला, विहिरीचं पाणी घेऊ देत नाहीत, नैसर्गिक प्रवाह अडवला, हे सगळं यात बसतं. मुदत अडथळ्यापासून ६ महिने. "बरेच दिवस त्रास देतात" असं मोघम लिहिलंत की सामनेवाला मुदतीवर बोट ठेवणारच. पाट बुजवल्याची नेमकी तारीख टाका. सोबत सातबारा, पाळीचा (पाणी घ्यायच्या वारीचा) उल्लेख असलेलं वाटणीपत्र किंवा खरेदीखत, गट नंबरांसह हातनकाशा जोडा.

स्थळपाहणीला स्वतः हजर राहा, टेप घेऊन. पाटाची रुंदी, किती फूट बुजवला, माती ताजी आहे का, पुढे जुन्या पाटाची खूण दिसते का, हे पंचनाम्यात उतरलंच पाहिजे. "पाहणी केली, पाट दिसून आला नाही" एवढ्या एका ओळीवर प्रकरण हातचं जातं. तहसीलदार इथे वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष वापर, बघतो. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात.

नवी वाट हवी असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम ४९. मधल्या प्रत्येक गटाच्या सगळ्या खातेदारांना सामनेवाले करा; एक सहहिस्सेदार सुटला तरी नोटिशीपासून पुन्हा सुरुवात. पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर हवा, उघडा चर दीड मीटरपेक्षा रुंद नको. आखणी शक्य तितकी जवळच्या अंतराची, शेजाऱ्याची नुकसानभरपाई तुमच्याकडे, डागडुजीही तुमचीच.

कालव्याच्या पाण्याचं प्रकरण निराळं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानुसार पाणी हक्काची तक्रार आधी प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे, तिथून ६० दिवसांत प्राधिकरणाकडे अपील. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांनी एकेकट्याने न जाता पाणी वापर संस्थेच्या ठरावानिशी जावं, आणि आवर्तनात (कालव्याला पाणी सोडलेल्या काळात) फ्लूमवर, म्हणजे प्रवाह मोजायच्या बांधीव नाळीवर, घेतलेल्या मोजणीच्या नोंदी सोबत न्याव्यात. पाणी किती कमी आलं, याचा पुरावा दुसरीकडे कुठे मिळत नाही.