काठपदराच्या ब्लाउजची बाही दंडाला का आवळते

क्लासला आलेल्या नव्या मुलीच्या हातात मी पहिल्या दिवशी कात्री देत नाही. हातभर मांजरपाट देते आणि सांगते, ओढ. आधी काठाच्या दिशेनं, मग आडवं, मग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे. काठाच्या दिशेनं कापड हूं की चूं करत नाही. आडवं जरासं सुटतं. कोपऱ्यातून ओढलं की मात्र रबरासारखं लांबतं आणि मधे चिंचोळं होतं. कापड तेच, सूत तेच. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो याला ॲनआयसोट्रॉपी म्हणतो. म्हणजे दिशा बदलली की त्याच वस्तूचा गुण बदलतो. आम्ही आपले उभा, आडवा आणि उरेब म्हणतो.

मी इचलकरंजीची, त्यामुळे माग बघतच मोठी झाले. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत बीमवरून (मागावरच्या रुळावरून) ताठ ताणलेलं येतं. घासून तुटू नये म्हणून त्याला आधी खळ लावलेली असते. बाणा, म्हणजे आडवा धागा, त्या ताण्याच्या वरून-खालून वळणं घेत जातो. कापड आडवं ओढलं की ती वळणं सरळ होतात, तेवढं कापड सुटतं. उरेब ओढताना धागा लांबतच नाही. धाग्यांच्या जाळीतले बारीक चौकोन कलंडतात आणि त्यांचे शंकरपाळे होतात. मागावर सोसलेला ताण पहिल्या धुण्यात निघतो, म्हणून सुती कापड बहुधा लांबीत जास्त आटतं. तेव्हा सुती कापड आणि अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायला घ्या. घाईचं गिऱ्हाईक असलं तरीही.

काठ असला तर दिशा ओळखायला काही लागत नाही, काठ म्हणजेच उभा धागा. कटपीस असला तर एका कडेचा आणि शेजारच्या कडेचा असे दोन धागे उपसून बघा. जास्त नागमोडी तो बाणा. नाहीतर तुकडा दोन्ही हातांत धरून झटका द्या. उभ्या दिशेनं टणक आवाज येतो, आडव्या दिशेनं बसका. शंका उरली तर धाग्याची बाजू घ्या, आवाजाची नको. पेपर कटिंग करताना हीच गंमत वर्तमानपत्रातही दिसते. पान वरून खाली फाडलं तर बऱ्यापैकी सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं, कारण कागद मशीनवर ज्या दिशेनं धावतो, त्याच दिशेला त्यातले बहुतेक तंतू पडलेले असतात.

आता बाही. साध्या कापडाची बाही कापताना उभा धागा खांद्यापासून कोपराकडे जातो आणि दंडाभोवती बाणा येतो. हात वाकवला, वर केला की बाणा जरा सुटतो, बाई आरामात असते. काठपदराचं तसं नाही. काठ साडीच्या लांबीत असतो, म्हणजे ताण्याच्या दिशेत, आणि आपल्याला तो बाहीच्या मोहरीला, म्हणजे खालच्या कडेला, हवा असतो. म्हणून बाही आडवी फिरवून कापावी लागते. दंडाभोवती आता ताणा आला, त्यात काठाची घट्ट वीण आणि जर. काही म्हणजे काही सुटत नाही.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत एका नवरीची बाही मी नेहमीच्या हिशेबानं, दंडघेर अधिक एक इंच अशी शिवली. हळदीच्या आदल्या संध्याकाळी ती आली, हात केसांपर्यंत जाईना. नशीब, माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, सोडली होती. उसवून अर्धा इंच सोडला तेव्हा हात वर गेला. तेव्हापासून काठाच्या बाहीला दंडघेरात अर्धा इंच जादा आणि दोन्ही बाजूंना पाऊण इंच माया, हा माझा नियम. अस्तरही बाहीच्याच दिशेनं कापा. कापड वाचवायला अस्तर दुसऱ्या दिशेनं बसवलं तर धुतल्यावर दोघं वेगवेगळं आटतात आणि बाहीला सुरकुत्या पडतात. इस्त्रीनं त्या जात नाहीत, मी बघितलंय करून.

गळ्याच्या पट्टीला मात्र उरेबच हवी. सरळ पट्टी गोल गळ्यावर बसत नाही, चुण्या पडतात. कापडाची आडवी कापलेली कड उचलून काठावर आणा, जी तिरकी घडी पडेल ती खरी उरेब, बरोबर 45 अंश. घडीवर खडूनं रेघ मारा आणि तिथून सव्वा-सव्वा इंचाच्या पट्ट्या आखा. कापड किती लागेल हे विचारणाऱ्यांसाठी हिशेब सोपा: 10 इंच बाय 10 इंच तुकडा म्हणजे 100 चौरस इंच, त्याला सव्वानं भागा, 80 इंच पट्टी. जोडांत थोडी जाते, ती धरूनच चाला. जोड देताना पट्ट्या सुलट्याला सुलट्या, काटकोनात ठेवा आणि तिरकी शिलाई मारा, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही.

लावताना गळ्याच्या आतल्या वळणावर पट्टी किंचित ओढून लावायची. बाहेरच्या वळणावर, म्हणजे कंगोऱ्याच्या कडेला, उलट ढिली सोडायची. मुली दोन्हीकडे सारखीच ओढतात आणि मग कंगोरे आत मुडपतात. आणखी एक, उरेब कापडावर इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची.

मखमलीचं प्रकरण वेगळं. तिथे उभा-आडवा सांभाळूनही वर-खाली असते. लव एका बाजूला झुकलेली असते, हात फिरवला की कळतं. सगळे भाग लव एकाच दिशेला ठेवून कापा, नाहीतर पुढचा भाग गडद आणि पाठ फिकी दिसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं कापड बदललंत. धूपछाव पैठणीतही तुकडे फिरवताना हीच काळजी घ्या. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे तुकडा फिरवला की रंगाची झाक पालटते.

राहता राहिला उरेब घागरा. पॅरिसच्या मादलेन व्हिओने बाईंनी 1920-30च्या दशकांत उरेब कापडाचे झगे करून नाव कमावलं. झगा करण्याआधी त्या लहान लाकडी बाहुलीवर कापड लावून बघत. आपल्याकडे बाहुली नसली तरी हँगर आहे. घागरा कमरेला शिवून झाला की एक रात्र, जमल्यास दोन, टांगून ठेवा. जिथे उरेब येते तिथे तो स्वतःच्या वजनानं खाली उतरतो, कधी इंचभरही. मग गिऱ्हाइकाला घालायला लावून जमिनीपासून पट्टीनं मोजत खडूच्या खुणा करा, खालची कड सारखी करा आणि त्यानंतरच दुमड घाला.